यायचं तिकीट

माझ्या दाजीचा हात फार जड होता. हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा मी स्वतः त्याच्या आणि आक्काच्या मध्ये पडले, आणि पुढं कितीतरी दिवस मला डाव्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. तो दारू पिऊन मारायचा नाही. दारुड्याला निदान सकाळी ओशाळं तरी वाटतं. हा शुद्धीत मारायचा, पोटभर जेवून, हात धुऊन. भाकरी करपली म्हणून, दवाखान्यातून यायला उशीर झाला म्हणून, डॉक्टरांशी हसून बोलली म्हणून. आणि काहीच सापडलं नाही तर गप्प का बसलीस म्हणून.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती नर्स होती. तिसगावच्या बाजूला एका गावात तिला दिलेली, आणि त्याच गावात मिशनचा छोटा दवाखाना होता, तिथं ती कामाला जायची. आमचं माहेर शेवगावजवळ. दोन्हीकडची माणसं ख्रिस्ती, पण शेती करणारी. रविवारी देवळात जाणारी आणि सोमवारी बांधावरून भांडणारी. तिला नर्सिंग शिकवलं ते एका परदेशी डॉक्टरबाईंनी. आमचे वडील गेले तेव्हा बाईंनी आक्काला नगरला आपल्याजवळ ठेवून घेतली. शिकवली, चुकली तिथं फाडफाड बोलल्या, टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून राहिल्या. म्हातारपणी बाई आपल्या देशात परत गेल्या. त्या देशाचं नाव मी इथं घेणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

दुष्काळाचा तो काळ. एके दिवशी बाईंच्या भाचीकडून निरोप आला की बाई अंथरुणाला खिळल्यात आणि सारखं आक्काचं नाव घेतात, एकदा येऊन जा. निरोपामागोमाग विमानाचं तिकीट आलं, जायचं आणि यायचं. आक्काला कसला देश बघायचा नव्हता की विमानात बसायची हौस नव्हती. तिला त्या म्हातारीला जिवंत बघायचं होतं, एवढंच. त्या दिवसांत ती भाकरी थापताना, पोरीची वेणी घालताना मधेच थांबायची आणि म्हणायची, "बाई थांबतील ना गं?"

दाजी तिला जाऊ देईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण तो खुशीत आला. तो तेव्हा दुष्काळी कामावर मुकादम होता. रस्त्याच्या कडेला बायाबापड्या उन्हात खडी फोडायच्या आणि हा छत्री घेऊन त्यांच्यावर ओरडत फिरायचा. एका म्हाताऱ्याला त्यानं लाथ घालून खडीच्या ढिगावर पाडलेलं मी पाहिलं होतं, म्हातारा पाणी प्यायला उठला होता म्हणून. कामावर त्यानं सगळीकडं बोभाटा केला की आमची बायको इमानानं चालली. येताना घड्याळ आणायचं, नायलॉनचा शर्ट आणायचा, ट्रान्झिस्टर आणायचा, अशी त्याची यादी रोज वाढत होती. बाईंनीच आक्काला पूर्वी एक मनगटी घड्याळ दिलं होतं, नाडी मोजायला. ते त्यानंच एकदा खडीच्या हातोड्यानं फोडलं होतं. ते मात्र तो सोयीनं विसरला.

अडचण आली ती सासूची. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, आक्का आत्याबाई म्हणायची. वाळलेली, काटक बाई, कमरेला कायम तंबाखूची चंची. मावशींचं म्हणणं सरळ होतं. समुद्रापलीकडं गेलेली बाई परत येईल कशावरून? पोरगी इथं ठेवणार हे खरं, पण पोरीला टाकून गेलेल्या बायाही त्यांनी पाहिल्या होत्या. शेवटी एका रविवारी देवळातून आल्यावर त्यांच्या ओट्यावर बैठक बसली. आमचे धर्मगुरू पाळकसाहेब, दाजी, मावशी, माझी आई, आक्का आणि मी. मी तेव्हा नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

आमच्याकडं एक रीत होती. सून माहेरी निघाली की सासू तिचं चांगलं लुगडं नाहीतर चांदीचा एखादा डाग आपल्याकडं ठेवून घ्यायची. सून चार दिवसांची म्हणून जाते आणि दोन महिने बसते. वस्तू इकडं राहिली की पाय आपोआप इकडं वळतो. यात कुणाला अपमान वाटायचा नाही. माझ्या आईचं लुगडंही तिच्या सासूनं असंच ठेवलेलं होतं. तेव्हा पाळकसाहेबांनी तिकीट हातात घेऊन पानं उलटली आणि समजावून सांगितलं की हे पान जायचं, हे पान यायचं, तेव्हा मावशींचा चेहरा एकदम उजळला.

"मग झालं तर," मावशी म्हणाल्या. "जायाचं तिच्यापाशी, यायाचं माझ्यापाशी. माझ्या चंचीत ऱ्हाईल."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. पाळकसाहेबांनी मान डोलावली. आईनं पदरानं घाम पुसला. आक्काच्या तोंडावर तर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू दिसलं. एवढ्यावर भागतंय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? यायच्या वेळी मावशी ते पान पोस्टानं पाठवतील असंही ठरलं. दाजीनं पानाला दुमड घातली, नखानं दाबली आणि सुबक फाडून मावशींच्या हातात दिलं. पातळ कागद, मागून लाल कार्बनचा. मावशींची बोटं लाल झाली, ती त्यांनी लुगड्याला पुसली. मग चहा झाला.

त्या देशाचा व्हिसा काढायला वकिलातीत आक्काबरोबर मी गेले. मुंबईत आम्ही एका ओळखीच्या नर्सकडं उतरलो. आक्कानं स्टार्च केलेली पांढरी साडी नेसली होती, जणू बाई स्वतः वॉर्डात फेरीला येणार आहेत. खिडकीमागं एक मराठी कारकून होता. त्यानं पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, दवाखान्याचा कागद पाहिला आणि विचारलं, यायचं तिकीट कुठाय?

"सासूबाईंकडं हाय," आक्का म्हणाली.

तो हसला. मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि हसू आवरलं. माणूस भला होता. त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, की बाई, तुम्ही परत जाणार आहात याचा पुरावा इथं आधी लागतो, आणि तो पुरावा म्हणजे तेच पान. ते पान फाडलं की मेलंच, तुमच्या सासूबाईंनाही त्याचा उपयोग नाही. फाडलेलं पान आणि उरलेलं तिकीट, दोन्ही घेऊन विमान कंपनीत जा. ते नवं लिहून देतील. मग या. त्यानं पुढच्या आठवड्यातला वार दिला.

मला हसावं की रडावं कळेना. सासूलाही तेच पाहिजे आणि साहेबालाही तेच पाहिजे, ही परत येईल याची खात्री. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती खात्री स्वतःच्या हातानं फाडून ठेवलेली. येताना एस. टी.त मी सारखी बडबडत होते, पाळकसाहेबांच्या, कंपनीच्या, सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत होते. आक्का एवढंच म्हणाली की एक आठवडा गेला.

आम्ही गावात उतरलो तेव्हा दिवस कलला होता. दाजी कामावरून आला होता. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी कुस्करून जेवत होता. आक्कानं त्याला पुढ्यात बसून, लहान मुलाला सांगावं तसं सगळं सांगितलं. मावशी चुलीपाशी ऐकत होत्या.

"म्हंजी दोनी तिकिटं तुलाच पायजेत," दाजी म्हणाला.

आक्कानं पुन्हा सांगितलं. तो हात धुवायला उठला. मला कळलं.  पुढं ऐकण्यात आलं की कामावरच्या माणसांनी त्याच दिवशी त्याची खेचली होती. मुकादम, पाखरू उडालं तर जाळं कुठलं आणाल, असं काहीतरी. माणूस दुसऱ्यांना लाथा घालतो तेव्हा त्याला असं काही बोललं तर फार लागतं. आणि लागलेलं तो घरी घेऊन येतो.

पहिली थप्पड बसली तेव्हा आक्का बसलेलीच होती. ती कुशीवर पडली. त्यानं तिचा अंबाडा धरून तिला उभी केली आणि कोपऱ्यात टेकवलेला हातोड्याचा दांडा घेतला. लोखंड नव्हतं त्याला, नुसता बाभळीचा दांडा. तो तिच्या गालफडावर बसला त्याचा आवाज मला अजून आठवतो, सरपण फोडताना येतो तसा. दुसरा दंडावर. तिसरा परत तोंडावर. ओठ फाटून रक्त त्या पांढऱ्या साडीवर आलं. पोरगी मोठ्यानं रडायला लागली आणि मग रडायची एकदम थांबली, ते रडण्यापेक्षा वाईट होतं. शेजारच्या अंगणात बाया बसल्या होत्या. कुणी उठलं नाही. नवराबायकोत कोण पडणार?

मी आधी त्याचा हात धरला. त्यानं मला झटकलं तशी मी त्याच्या मनगटाला चावले. चांगलं दात रुतेपर्यंत चावले, तोंडात रक्त आलं, ते त्याचं होतं आणि मला त्याची मुळीच किळस आली नाही. त्यानं मला भिंतीवर आपटलं. माझ्या हाताशी पाट्यावरचा वरवंटा लागला. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पायावर टाकला. फेकला नाही, टाकला. पण मनात होतं तिथंच टाकला. दाजी बैलासारखा ओरडला आणि खाली बसला. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

तो बसल्या बसल्या दांडा चाचपायला लागला. तेव्हा मावशी उठल्या. त्यांनी दांडा उचलला आणि मला वाटलं आता तो माझ्या डोक्यात बसणार. त्यांनी तो लेकाच्याच खांद्यावर हाणला. मग कमरेची चंची सोडली, तंबाखू आणि चुन्याची डबी बाहेर टाकली आणि तळाचं ते पान काढून आक्काच्या मांडीवर ठेवलं. त्याला चुना लागला होता, कोपरे मऊ पडले होते.

"घे आन् जा," त्या म्हणाल्या. "ह्याचा बाप बी असाच हुता. मला कुठं जायाला न्हवतं."

रातोरात मी आक्काला माहेरी आणली. पोरगी मावशींपाशीच राहिली. तसं ठरलंच होतं आणि आक्काला ठरलेलं मोडायचं नव्हतं. आईनं तिचं तोंड पाहिलं आणि चुलीवर पाणी तापत ठेवलं. नर्स असल्यामुळं आक्कानं स्वतःच आरशात बघून ओठ धुतला, औषध लावलं. दोन दात हलत होते. डावा डोळा मिटलेला, गाल जांभळा पडून फुगलेला. मी म्हटलं, थोडे दिवस थांब, सूज उतरू दे, मग जाऊ. आईही तेच म्हणाली. आक्का ऐकेना. बाईंना वेळ नाही, कारकुनानं वार दिलाय, तो गेला तर पुन्हा कधी? तोंड काय, तोंड बरं होईल. तिचं खोटं नव्हतं. आणि आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की ते तोंड म्हणजेसुद्धा एक कागद आहे आणि तो खिडकीत दाखवावा लागणार आहे.

विमान कंपनीतल्या मुलीनं चुना लागलेलं पान पाहून नाक मुरडलं, पण नवं तिकीट लिहून दिलं. दोन्ही पानं एकत्र, सरळ, स्वच्छ. आक्कानं ते छातीशी धरलं. वकिलातीच्या पायऱ्या ती जवळजवळ पळतच चढली.

खिडकीत तोच भला कारकून होता. त्यानं आम्हाला ओळखलं, तिकीट पाहिलं, आणि मग आक्काकडं पाहून त्याची नजर खाली गेली. त्यानं आम्हाला आत साहेबाकडं नेलं. साहेब तरुण होता, गोरापान, स्वच्छ हातांचा. त्यानं अर्जावरचा फोटो धरला आणि फोटोतलं तोंड नि समोरचं तोंड पुन्हा पुन्हा पाहिलं. आक्काला इंग्रजी येत होतं, बाईंकडून शिकलेलं. काय झालं, असं त्यानं विचारलं. विहिरीच्या पायरीवरून पडले, असं ती म्हणाली. घरी कोण असतं, असं त्यानं विचारलं. नवरा, सासू, मुलगी. मग त्यानं मऊ आवाजात विचारलं की हे नवऱ्यानं केलं का. आक्कानं पदर गालावर ओढला. मी मधेच मराठीत म्हणाले की हो, नाहीतर कुणी? आक्कानं मला गप्प केलं आणि साहेबाला सांगितलं, माझी मुलगी तिथं आहे, माझं काम तिथं आहे, मी परत जाणार. हे बघा तिकीट.

त्यानं तिकीट पाहिलंसुद्धा नाही. कागद मिटून बाजूला सारला आणि कारकुनाच्या कानाशी काहीतरी म्हणाला. कारकुनाला ते आम्हाला सांगवेना. तो टेबलाच्या कडेकडं बघत बोलला.

"साहेब म्हणतात, तिकीट ठीक आहे. पण असं तोंड घेऊन घरातून निघालेली बाई परत येत नसते. त्यांना फार वाईट वाटतं."

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला, त्याची शाई सांडली. मी मराठीत जे जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. ज्या माणसानं दांडा चालवला तो घरी लंगडत का होईना मजेत बसलेला, आणि शिक्षा हिला. वाईट वाटतं म्हणे. पहारेकऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. आक्का मागून चालत आली, साडीच्या निऱ्या सावरत. तिच्या बंद डोळ्यातूनही पाणी येत होतं आणि ते तिला झोंबत होतं.

बाई पुढं महिन्याभरातच गेल्या. भाचीनं कळवलं की शेवटी त्या दरवाजाकडं बघत होत्या. हे तिनं कळवायला नको होतं. पण ती बातमी येण्याआधीच जे व्हायचं ते झालं होतं.

मुंबईहून आक्का माहेरी आली नाही. नगरच्या स्टँडवर शेवगावची गाडी समोर उभी असताना ती तिसगावच्या गाडीत चढली. मला वाटलं ती सासरी नांदायला चालली, आणि मी रागानं तिच्याशी वाटभर बोलले नाही. घरी पोचलो तर दाजी ओट्यावर पाय पसरून बसला होता, अंगठ्याला चिंधी बांधलेली. झालं का काम, असं त्यानं विचारलं. आक्कानं त्याचे पसरलेले पाय ओलांडले. आत गेली, आपली ट्रंक काढली, पोरीला सँडल घातले आणि तिचं बोट माझ्या हातात दिलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

दाजी उठून दारात आडवा झाला. आक्का त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि फुगलेला गाल तिनं त्याच्याकडं केला.

"मार," ती म्हणाली. "आता हे तोंड मला कुनाला दावायचं न्हाई."

त्यानं मारलं. हात तसाच जड होता. ओठाची खपली निघून रक्त हनुवटीवर आलं. आक्का हलली नाही, पुसलंही नाही. त्याचा हात परत वर गेला, आणि शेजारच्या अंगणातल्या बाया, ज्या कधी उठत नव्हत्या, त्या एकेक करून उठून उभ्या राहिल्या.  हात खाली आला. आक्का ट्रंक घेऊन त्याच्या बाजूनं बाहेर पडली.

मावशी ओट्याच्या पायरीपर्यंत आल्या. त्यांनी या वेळी काही ठेवून मागितलं नाही. फक्त विचारलं, "कवा येशील?"

आक्का थांबली. तिनं म्हातारीच्या पायाला हात लावला, मग उभी राहिली.

"मी परत येनारी बाई न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "एवढा शिकलेला साहेब सांगतुया. त्याला खोटं कशाला पाडू?"